आत्या कॉलेज पाहायला जाते

जिनिंग सुरू असेपर्यंत आमच्या घरात भाकर होती आणि जिनिंग बंद पडलं की कण्या. ज्वारी भरडायची, पाण्यात शिजवायची, कोणाकडून ताक मिळालं तर ताक, नाहीतर मीठ आणि मिरची. परवा एका लग्नात असंच काहीतरी काचेच्या वाटीत वाढलेलं पाहिलं, त्याचं नावही इंग्रजी होतं. मी वाटी परत ठेवली. माझ्या वाट्याच्या कण्या केव्हाच खाऊन झाल्या आहेत. बाबा मोताळ्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या मशीनवर होते. हंगामात ते घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानांत, मिशीत पांढरा कापूस चिकटलेला असायचा आणि माय त्यांना आधी दारातच उभं करून फडक्याने झटकायची. मग ते खोकायचे. तो खोकला पावसाळ्यातही राहायचा, कापूस मात्र राहायचा नाही. पावसाळ्यात घर चालायचं ते मायच्या आणि आत्याच्या निंदणावर, शेतातलं तण काढायच्या मजुरीवर. आमची वस्ती गावाच्या टोकाला, विहाराच्या मागे, सगळी टिनाची घरं. आमचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. त्या पडवीत चूल, पाण्याचा रांजण, माझी पुस्तकं आणि आत्या.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, सखू. सासर संग्रामपूरकडचं. तिला नवऱ्याने सोडलं नव्हतं, तिने नवऱ्याला सोडलं होतं. गावाला हा फरक कळत नव्हता, आम्हाला कळत होता. एका सकाळी ती डोक्यावर एक गाठोडं घेऊन आली, बाबांना म्हणाली, "सुखदेव, मी आता इथंच राह्यते," आणि बाबा म्हणाले, "राह्य." एवढीच बोलणी झाली. ती राहिली. अंगाने धिप्पाड, आवाज जिनिंगच्या भोंग्यासारखा, आणि एकच शौक, पिक्चर. मोताळ्याच्या बाजारात तेव्हा एका पत्र्याच्या शेडला चारी बाजूंनी ताडपत्री लावून व्हिडिओ चालायचा. आत एक रंगीत टीव्ही, खाली सतरंजी, मध्ये दोरी. दोरीच्या अलीकडे माणसं, पलीकडे बाया. बाजाराच्या दिवशी भाजी नंतर, मिरची नंतर, आधी व्हिडिओ. मी शाळेतून सुटले की मलाही हाताला धरून आत न्यायची. उन्हाने ताडपत्री तापलेली, आत घामाचा, शेंगदाण्याच्या टरफलांचा आणि कुणाच्या तरी पिशवीतल्या कांद्यांचा वास, आणि आत्या मांडी घालून, डोळे न मिटता बसलेली.

पण खरा पिक्चर त्यानंतर सुरू व्हायचा. निंदणाला बाया रांगेने बसतात, एकेक तास, म्हणजे पिकाची ओळ, धरून पुढे सरकतात, त्याला आम्ही पात म्हणतो. पात लागली की कुणीतरी म्हणायचं, "सांग व सखू," आणि आत्या बाजारात पाहिलेला पिक्चर पहिल्यापासून शेवटापर्यंत सांगायची, मारामारीच्या आवाजांसकट. गाणं आलं की खुरपं थांबवून ओळ म्हणायची. शेताचा मालक बांधावर येऊन ओरडायचा आणि दोन मिनिटांनी तोही तिथेच टेकायचा. ज्या बायांनी जन्मात टीव्ही पाहिला नव्हता त्यांनाही पिक्चर पाठ होते ते या पातीमुळे. आत्याने सिनेमातल्या बायांचं एक शास्त्रच करून ठेवलं होतं. "बाया तीनच असतात," ती सांगायची. "एक साडीवाली. ते रडते, दिवा लावते, आन् शेवटी तिचं भलं होते. दुसरी केस कापलेली. ते गाडी चालवते, माणसाइतकं बोलते, आन् शेवट व्हाच्या आत मरते. तिसरी कॉलेजवाली. ते पयल्या अर्ध्यात नाही म्हनते, दुसऱ्या अर्ध्यात हो म्हनते, मधात गानं." बाया माना डोलवायच्या. मीही डोलवायची. पुढे मी मोठमोठ्या लोकांची सिनेमावरची व्याख्यानं ऐकली, पण इतकं थोडक्यात कुणी सांगितलं नाही.

आमच्या वस्तीतून तोवर कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. त्यामुळे कॉलेज म्हणजे काय हे वस्तीला फक्त आत्याकडून माहीत होतं. तिथे एक बाग असते, बागेत कारंजं असतं, पोरी एकेक पुस्तक छातीशी धरून फिरतात आणि पोरं सायकलवरून त्यांच्याभोवती गोल गोल फिरतात. शिकवायला एक म्हातारा मास्तर असतो, त्याच्या खुर्चीखाली फटाका लावतात. मी बारावी झाले आणि बुलडाण्याच्या कॉलेजात जायचं म्हणाले तेव्हा लोकांच्या डोळ्यांपुढे हे उभं राहिलं. तरी बाबा तयार होते. "पाहू," म्हणाले होते, आणि आमच्या घरात 'पाहू' म्हणजे जवळजवळ 'हो' असायचं.

तेवढ्यात दिलीप आला. दिलीप आमच्याच गावचा, सायकलच्या दुकानात पंक्चर काढणारा, माझ्यापेक्षा थोडा मोठा. शर्टाची कॉलर वर, मागच्या खिशात कंगवा. मी मोताळ्याला शाळेतून दाखला आणायला चालत जायचे-यायचे, आणि त्या आठवड्यात दाखला काही केल्या मिळत नव्हता. रोज हा मागे. दुकानातली कुणाचीही सायकल घेऊन यायचा, घंटी वाजवायचा, पुढे जायचा, परत फिरायचा, माझ्याभोवती एक गोल मारायचा. तोंडात गाणं. पहिले दोन दिवस मी खाली मान घालून चालले. तिसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीसमोर, चार माणसं उभी असताना, मी थांबले आणि म्हणाले, "दिलप्या, पुन्हा मांगं आला तं चप्पल मारीन." नुसतं म्हणाले नाही, चप्पल काढायला वाकलेसुद्धा. पण ती जुनी, तिचा अंगठा ओढताना तुटला, आणि मी एका हातात पट्टा, एका हातात तळवा घेऊन उभी राहिले. दिलीपचा चेहरा असा उजळला की जणू मी त्याला हार घातला. सायकल वळवून तो गाणं म्हणत गेला.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं की शोभीचं, म्हणजे माझं, आणि दिलप्याचं जमलं. मी नाही म्हणाले म्हणून तर जमलं. भांडण नसतं, चप्पल नसती, तर लोकांनी मनावरही घेतलं नसतं. दुसऱ्या दिवशी मी पातीवर होते. माझ्याच शेजारच्या तासावरून, मला ऐकू येईल एवढ्या अंतरावर मी बसलेली असताना, एक बाई आत्याला विचारत होती, "मंग सखू, कुठवरी आलं पोरीचं?"

"चपलेवरी आलं म्हनतात," आत्या म्हणाली.

"म्हंजे आता गानंच राह्यलं."

"माह्या मनात काही नाही त्याच्यासाठी," मी म्हणाले. "मले तो आवडत नाही."

बाया एकमेकींकडे पाहून हसल्या. "हे बी असतेच व," दुसरी म्हणाली. "हे बी म्हनावंच लागते."

आता तुम्हीच सांगा, बाईने काय करावं. गप्प बसली तर लाजते, बोलली तर प्रेमात आहे, चप्पल काढली तर लग्न ठरलं. त्या रात्री चुलीवरच्या कण्या ढवळताना मायनेही हळूच विचारलं, "खरं सांग शोभे, तुले थोडासा बी आवडत नाही का तो?" माझ्या सख्ख्या मायने. आणि बाबा, जे कधी व्हिडिओच्या ताडपत्रीत पाय ठेवत नसत, ते म्हणाले, "गावात हे असं, तं कॉलेजात काय होईन? आता कॉलेजचं नाव काढू नको." मामाने अमडापूरचं एक स्थळ आणलेलं होतंच. ते आठ दिवसांत पाहायला येणार होते. कॉलेजातले प्रवेशही त्याच सुमाराला बंद होणार होते. म्हणजे माझा फैसला एका चपलेच्या अंगठ्यावर येऊन अडला होता.

मी रडले नाही. मला राग आला होता, आणि रागात मला चांगलं सुचतं, ही माझी खोड अजून आहे. दुपारी आत्या पडवीत अंबाडीची भाजी निवडत बसली होती. मी समोर बसले.

"आत्या, एक इचारू?"

"इचार."

"तू संग्रामपूरले होती तवा नवऱ्याले नाही म्हनली असशीन ना कधी? मारू नको म्हनली असशीन. पिऊन आला तं जवळ येऊ नको म्हनली असशीन."

"म्हनली होती. लय खेपा म्हनली."

"तवा तुह्या मनात हो होतं का?"

ती भाजी निवडत राहिली. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की ती पानं बाजूला टाकते आहे आणि देठं पातेल्यात. मग म्हणाली, "तो बी हेच म्हने. बाईचं नाही आयकाचं नसते म्हने. तिले तेच पाह्यजे असते म्हने." एवढं बोलून ती उठली, पदर खोचला आणि भाजी तशीच टाकून सायकलच्या दुकानाकडे निघाली. मी मागोमाग.

दिलीप पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होता.

"काय बे दिलप्या, शोभीनं तुले काय म्हनलं?"

"चप्पल मारीन म्हनली," तो म्हणाला, आणि ओठातल्या ओठात हसला.

"मंग हासून काऊन राह्यला?"

"आत्या, आता तूच तं सांगतं पातीवर. माह्यी माय येऊन आमाले सांगते. पयले चप्पल असते, मंग..." त्याने पुढचं हाताने दाखवलं.

आत्या त्या बुडबुड्यांकडे पाहत उभी राहिली. शेवटी म्हणाली, "ते पिक्चर हाय."

"मंग आत्या," दिलीपने अगदी प्रामाणिकपणे विचारलं, त्यात टिंगल नव्हती, "पोरीले खरंच नाही म्हनाचं असंन, तं ते कसं म्हनते?"

"असंच म्हनते. जसं हे म्हनली, तसंच. दुसरं कसं म्हनाचं तिनं? दवंडी देयाची का?"

"मले वाटलं..."

"तुले वाटलं. तिले इचारलं का तू?"

दिलीपने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आडवी, सावकाश, कुणाचाही गैरसमज होणार नाही अशी. त्याने ओल्या हाताने कॉलर खाली केली. त्यानंतर तो माझ्या मागे आला नाही. आज तो आजोबा आहे, भेटला की मला मॅडम म्हणतो, आणि त्याच्या नातीच्या मागे एक पोरगा मोबाईलवर गाणी पाठवत होता तेव्हा त्या पोराच्या घरी जाऊन बसणारा हाच. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याला बायांशी कसं बोलायचं हे शिकवणारा एकच मास्तर मिळाला होता, ताडपत्रीतला.

पण दिलीपचं मिटलं म्हणून बाबांचं मिटेना. "इथं एक दिलप्या," ते म्हणाले, "तिथं कॉलेजभर असतीन." यावर आत्याने जी गोष्ट काढली ती फक्त तिलाच सुचू शकते. "पोरगी देयाच्या आधी आपन घर पाह्याले जातो का नाही?" ती म्हणाली. "मंग तिले कॉलेजात देयाची तं कॉलेज पाह्याले चाल. मी येते. शोभीच्या मायले बी घे."

आमच्याकडे घर पाहणं ही पक्की रीत आहे. चार माणसं जातात. चूल बघतात, पाणी कुठून येतं बघतात, शेजाऱ्यांना आडून आडून विचारतात. आणि घर पसंत पडलं तरच तिथे खातात-पितात. पाहुण्याने पाणीही न घेता उठायचं ठरवलं, की समोरचे काय ते समजतात. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं, डोक्याला टोपी. मायने नऊवारी नेसली. एसटीत चढताना आत्याने सांगितलं, "मी पुढं बसते, डोळा लागला तं कॉलेजातलं गानं सुरू व्हाच्या आत मले उठवा." राजूरच्या घाटात एसटीत मायला उलटी झाली. वर बुलडाण्याला हवा गार होती, तिला बरं वाटलं, आणि आम्ही विचारत विचारत कॉलेजच्या फाटकाशी पोचलो.

शिपायाने विचारलं, "कोणाला भेटायचं?"

"कोनाले नाही," आत्या म्हणाली. "पाह्याले आलो."

"काय पाहायला?"

"कॉलेज. पोरगी देयाची हाय."

शिपाई मोताळ्याकडचाच निघाला. त्याने फार विचारलं नाही. आत्याने पहिल्यांदा बाग शोधली. बाग नव्हती. एक लिंबाचं झाड होतं आणि त्याखाली सायकली. कारंज्याच्या जागी एक नळ होता आणि त्याला पाणी नव्हतं. मायने भिंतीला हात लावून पाहिला, ओल आहे का. बाबांनी फाटकाजवळच्या चहावाल्याला विचारलं, पोरं दारू पितात का. तो म्हणाला, पितात कशाची, अर्धा कप तिघांत घेतात. "तुम्ही घ्या ना चहा," त्याने म्हटलं. बाबा म्हणाले, "नको, घेऊन आलो." ते सकाळपासून उपाशी होते.

मग एक बाई मोपेडवरून आल्या. केस कापलेले, मानेपर्यंत, हातात घड्याळ, नाकावर चष्मा. आत्याने माझ्या दंडाला चिमटा काढला. तिच्या शास्त्रात ही दुसऱ्या जातीची बाई, शेवट व्हायच्या आत मरणारी. बाईंनी आमच्याकडे पाहिलं, काय हवंय विचारलं, आणि ऐकल्यावर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग वर्गात येऊन बसा की. घर पाहता तर आतून पाहा." आम्ही चौघं मागच्या बाकावर बसलो. बाई इतिहास शिकवत होत्या. पोरी लिहून घेत होत्या. पोरंही घेत होती, थोडी. कोणाच्या खुर्चीखाली काही फुटलं नाही. आत्या थोडा वेळ वाट पाहत राहिली, मग माझ्या कानाशी म्हणाली, "हे रोज असंच असते?"

"रोज."

"आन् पोरी आयकतात?"

"लिहितात."

आत्याने त्या पोरींकडे इतक्या कणवेने पाहिलं की मला हसू दाबावं लागलं. तास संपल्यावर बाईंनी डबा उघडला आणि आम्हाला पुढे केला. बाबांनी हात जोडून नको म्हटलं. आत्याला मात्र राहवेना. "मॅडम," तिने विचारलं, "केस काऊन कापले?"

"टायफॉईडने गळाले हो. परत आले तेवढेच ठेवले. सकाळी घाई असते, विंचरायला बरे पडतात."

"नवरा काही म्हनत नाही?"

"म्हणतो. लवकर आवर म्हणतो."

आम्ही बाहेर आलो तेव्हा पायऱ्यांवर बसलेल्या एका पोराने समोरून जाणाऱ्या मुलीकडे पाहून शीळ घातली. मुलगी मान वर ठेवून, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेऊन सरळ निघून गेली. तिच्या चेहऱ्यावर ना लाज होती ना हसू. कंटाळा होता, रोज तेच तेच पाहून येतो तसा. आत्या वळून पायऱ्यांपाशी गेली. "काय बे," ती म्हणाली, "सायकलच्या टूबीतून हवा गेली का?" सगळी पोरं त्याच्यावर हसली आणि तो आपल्या चपला पाहू लागला.

बाबा तिथेच थांबले. "पाह्यलं ना बाई," ते आत्याला म्हणाले. मोठ्या बहिणीला ते बाईच म्हणत. "इथं बी दिलपे हायेत."

"हायेत," आत्या म्हणाली. "जो व्हिडिओ मी पाह्यते तोच ह्या पोट्ट्याईनं पाह्यला. पन ते पोट्टी पाह्यली का? ते काही गानं म्हनून राह्यली नाही. ते आपल्या कामानं चालली होती. खोट पोरीत नाही सुखदेव. आन् दिलप्या तं आपल्या गावात बी हाय. मंग गाव सोडून देतं का?"

बाबा खोकले. टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली. आम्ही तिघी त्यांच्याकडे पाहत उभ्या. माय माझा हात धरून होती. मग बाबा काही न बोलता फाटकाकडे चालायला लागले, आणि मला वाटलं संपलं, आता अमडापूर. ते चहावाल्यापाशी थांबले, बाकावर बसले आणि म्हणाले, "चार कप दे. पुरे दे."

मायने तोंडाला पदर लावला. चहावाल्याला काय कळणार. त्याने चहा ओतला. मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी चहा प्यायले आहे, त्यातले काही मोठ्या माणसांच्या घरी. एवढा गोड चहा पुन्हा मिळाला नाही, साखर त्याने जास्त टाकली होती हे खरं असलं तरी.

आत्याचं व्हिडिओचं वेड सुटलं नाही, खोटं कशाला सांगू. पण त्या पावसाळ्यात तिचे पिक्चर बदलले. पातीवर ती सांगायची, हिरो आला, हिरोईनीच्या मागे लागला, ती नाही म्हणाली. "मंग?" बाया विचारायच्या. "मंग काय, तो घरी गेला." "आन् गानं?" "एकट्यानं म्हनलं, घरी." "मंग पिक्चर तिथंच संपला?" "तिथंच संपला. पुढं सरका, तन राह्यलं मांगं." बाया चिडायच्या, म्हणायच्या सखूची सर गेली. एक म्हातारी तर दुसऱ्या पातीला जाऊन बसली. पण मधल्या वयाच्या दोन-तीन बाया एरवी कधी बोलायच्या नाहीत, त्या अशा शेवटांना खुरपं थांबवून ऐकत राहायच्या. सुटीच्या दिवशी मी पातीवर असले की ते बघायची.

अमडापूरचं स्थळ मामाने दुसरीकडे दिलं. मी रोज घाट चढून कॉलेजात गेले, केस कापलेल्या त्या बाईंकडे इतिहास शिकले, पुष्कळदा कंटाळले आणि कंटाळले तरी लिहून घेत राहिले. निकाल लागला. मी बी.ए. झाले, द्वितीय श्रेणीत. आमच्या घरातली ती पहिली पदवी.